घालून बघितल्याशिवाय

६ ऑगस्ट

खारूताई,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं तर तू म्हणशील, आता कुठून आठवले. नाही लिहिलं तर तुझी आई म्हणेल, एवढी साधी रीत कळत नाही. म्हणून तुझं लहानपणचं नाव लिहून मोकळा झालो. तेही नको असेल तर खोडून पुढे वाच.

पत्ता आईने दिलेला नाही, तिला बोल लावू नकोस. तू तिला शाल पाठवलीस त्या खोक्यावर होता. खोकं चांगलं जाड आहे, खिळे ठेवायला होईल म्हणून मी ते दुकानात आणलं आणि पत्त्याची बाजू फाडून खिशात घातली. चार वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. दर रविवारी तुझा फोन आला की आई तो घेऊन आत जाते आणि दार लोटते. मी बाहेर पेपर वाचत बसतो. तासभर एकच पान. तू बोलावंस एवढंच मला हवं आहे, पण ते तोंडाने सांगायला गेलो की तोंडून भलतंच निघतं, हे तुला चांगलं ठाऊक आहे. म्हणून कागद.

कळवण्यासारखं विशेष काही नाही. दुकान आहे तिथेच आहे, जिन्याखाली. लोक अजून चपला तुटेपर्यंत घालतात आणि मग आजच्या आज करून मागतात. शिवणाचं यंत्र कुरकुरतं, मीही कुरकुरतो. एक गोष्ट मात्र सांगायची आहे. मी हल्ली सकाळी पळतो.

हसलीस? हस. आईही हसली. म्हणाली, “अहो, पोट कमी करायला पळताय की पोटाला फिरवून आणताय?”

डॉक्टरांनी सांगितलंय. रक्तदाब जरा वर आहे. तेवढंच कारण, दुसरं काही मनात आणू नकोस. साडेपाचला निघतो, पाण्याच्या टाकीपर्यंत जातो आणि परत येतो. पळतो म्हणजे काय, पाय उचलतो आणि ठेवतो. एक आजी काठी टेकत चालतात, त्या रोज मला मागे टाकून जातात.

तुझे बाबा


२१ ऑगस्ट

खारूताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंच नव्हतं, तरी पोस्टमन दुकानावरून पुढे निघून गेला की मी उगाच हातोडी आपटत बसतो. एका बाईंच्या सँडलची टाच त्यात जरा जास्तच ठोकली गेली.

मागच्या पत्रात एक थाप मारली होती. डॉक्टर ‘पळा’ म्हणाले नव्हते, ‘चाला’ म्हणाले होते. ‘या वयात पळू नका’ असंही म्हणाले असावेत. मी तेव्हा त्यांच्या बुटांकडे बघत होतो.

खरं झालं ते असं. गाणं शिकवणारे मास्तर तुला आठवतील, आपल्या वरच्या मजल्यावर क्लास घेतात ते. आणि दुकानाचा नियमही तुला पाठ आहे. जोड घालून, दारापर्यंत चालत जाऊन परत आल्याशिवाय कोणालाही नेऊ द्यायचा नाही, मग तो साहेब असो नाही तर शिपाई. तुझे आजोबा हा नियम घालून गेले आणि मी तो त्यांच्यामागे पाळत आलो. तर मास्तर त्या दिवशी घाईत होते. मी आत सोल्यूशनचा डबा शोधत होतो तेवढ्यात त्यांनी फळीवरचा आपला जोड उचलला, काखोटीला मारला आणि निघाले. मी बाहेर येऊन हाक मारली. तर हा माणूस पळायलाच लागला! मग मीही पळालो. हातात रापी तशीच. चामडं कापायची एवढी मोठी रापी घेऊन एक म्हातारा गाण्याच्या मास्तरांमागे धावतोय, लोक काय समजले असतील देव जाणे. दोन चौक पळालो. बसथांब्यावर गाठलं, बाकावर बसवलं, बूट घालायला लावले आणि खांबापर्यंत चालवून आणलं. डावा चावत होता. म्हटलं, बघा, नियम उगाच नसतो.

परत आलो तेव्हा छातीचा भाता झाला होता, पोटऱ्या थरथरत होत्या. आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी दुकानाच्या पायरीवर नुसता बसून राहिलो. का बरं वाटावं? काही मिळालं नव्हतं, कोणी आलं नव्हतं, उलट ठेवलेला चहा गार झाला होता. पण चार वर्षांत असं वाटलं नव्हतं हे खरं. दुसऱ्या दिवशी जाग आली ती पाय शिवशिवत होते म्हणून.

तुला असं व्हायचं का? तू पहाटे येऊन दारात बूट काढायचीस तेव्हा मी विचारायचो, किती मिनिटं लागली? कसं वाटलं हे एकदाही विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतंय तर विचारायची सोय राहिलेली नाही. माझं मलाच काही कळेनासं झालंय.

आणि टाकीपर्यंत जातो हेही अर्धंच खरं. टाकीच्या पलीकडे मैदान आहे. तेच.

बाबा


१४ सप्टेंबर

खारूताई,

उत्तर नाही. नसू दे. पत्रं आत पोचतात की दारातच केराच्या डब्यात जातात तेवढं तरी कळायला हवं होतं. आईला आडून विचारलं, “पोस्ट हल्ली वेळेवर पोचतं का गं?” तर म्हणाली, “मला काय विचारता, मी का पोस्टात आहे?”

गुडघा धरलाय. डावा, आतल्या बाजूने. पळताना आधी कुरबुर, मग मैदानाच्या दुसऱ्या फेरीला सुरी फिरवल्यासारखं.

बूट उलटे करून बघितले. डाव्याची टाच उजवीपेक्षा जास्त झिजलेली. तुझेही अगदी असेच असायचे. पाय माझ्यावर गेलेत तुझे, हे तुझी आत्या सगळ्यांना सांगत असते. ज्या बुटाची टाच जास्त झिजते तो पाय आखूड, तो जमिनीवर आपटतो, त्याला खालून आधार द्यायचा. आजोबांनी मला हातात चामडं टोचायची आरी देण्याआधी हे शिकवलं. ते म्हणायचे, गिऱ्हाईक खोटं बोलेल, तळ खोटं बोलत नाही. म्हणून तुला केली होती तशीच पट्टी मी मला केली. दोन थर बूच, वर एक थर चामडं, पुढची कड तासून उतरती. डाव्या बुटात, टाचेखाली.

दहा दिवस झाले. दुखणं वाढलंय. सवय व्हायला वेळ लागतो. हे मी तुलाही सांगायचो.

मैदानाच्या तिसऱ्या वळणावर नळ आहे ना, तिथे आलो की मी थांबतो. दमतो म्हणून नाही. तू तिथे खाली बसलीस. पाच हजार मीटर, साडेबारा फेऱ्या, अकरावी चालू होती, तू सगळ्यांच्या पुढे होतीस आणि निवड झाल्यातच जमा होती. आणि तू गुडघा धरून बसलीस. मी दोरी ओलांडून आत आलो. काय बोललो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. तरी लिहितो, कारण आई म्हणते की मी ते विसरलो असं तुला वाटतं. “तळ खोटं बोलत नाही, नाटक तू करतेस. दोन फेऱ्यांसाठी बापाचं नाक कापलंस.” तुझ्या शिक्षकांसमोर, तुझ्या मैत्रिणींसमोर. महिन्याभरात तू रक्त तपासायच्या त्या नोकरीसाठी घर सोडलंस आणि जाताना फक्त आईच्या पाया पडलीस.

आता तुला वाटेल मी माफी मागतोय. नाही मागत. मला जे दिसलं ते मी बोललो. पट्टी बरोबर होती. तू ऐन वेळी घाबरलीस हे माझं मत तेव्हा होतं आणि आताही आहे. म्हणजे होतं. सकाळी ते पक्कं करायला जातो आणि गुडघा मध्ये येतो. आज नळापाशी अशी कळ आली की मी होतो तिथे खाली बसलो. मैदानाचा राखणदार धावत आला. “काय झालं काका?” म्हटलं, काही नाही, नाडी सुटली. त्याने बघितलं. नाडी बांधलेली होती.

मी नाटक करत नव्हतो, एवढं मात्र सांगतो.

बाबा


३ ऑक्टोबर

खारूताई,

गुडघा बरा झाला! पार बरा. सकाळी जिना उतरलो आणि चौथ्या पायरीवर लक्षात आलं की आज आपण कण्हलोच नाही.

झालं असं की टाकीजवळची पाण्याची मोठी वाहिनी फुटली होती, आणि मी शहाणा, डबकं दिसत असून उडी मारायला गेलो. बूट चिंब. आईने आतलं सगळं काढून खिडकीत वाळत घातलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घालून बूट दारात ठेवले. तेव्हापासून दुखणं जे उतरलं ते उतरलंच. आज नववा दिवस.

कशामुळे उतरलं ते कळत नाही, आणि कळल्याशिवाय चैन पडत नाही. आधी वाटलं तेलामुळे. समोरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने एक उग्र वासाचं तेल दिलं होतं. त्याला जाऊन म्हटलं, बाबा रे, तुझे उपकार झाले. तो म्हणाला, “काका, तुम्ही दुसरीच बाटली उचलून नेलीत, ते केसांचं होतं.” मग काठीवाल्या आजींकडे गेलो. त्यांनी मागे सांगितलं होतं, पाय हलके टाका. त्या म्हणाल्या, “मी? मी तुम्हाला वाटेतून बाजूला व्हा म्हणाले होते.” राखणदाराचे आभार मानले, तो वळणावरचे खडे झाडून काढतो. मास्तरांचेही मानले, ते पळाले म्हणून मी पळालो. त्यांना वाटलं मी टोमणा मारतोय, तेव्हापासून ते मागच्या जिन्याने जातात.

पण गंमत बघ. आभार मानायची एकदा खोड लागली की माणूस थांबत नाही. परवा पळून आल्यावर नळाचं पाणी प्यायलो आणि वाटलं, काय पाणी आहे! नळ कोणी बसवला असेल? त्याला कोणी सांगितलं असेल का की चांगला बसवलास? अठ्ठावन्न वर्षं ज्या दोन पायांवर उभा आहे त्यांच्याकडे मी कधी बघितलं नाही, दुसऱ्यांचे तेवढे बघत बसलो. घरी आलो आणि आईला म्हटलं, तू माझ्यासाठी किती केलंस गं. तिने कपाळाला हात लावून बघितला. माझ्या. ताप आहे का म्हणून.

मी असा कधी नव्हतो. याला वय म्हणतात की अक्कल, की नुसता दम लागल्यावर डोकं हलकं होतं म्हणून हे सगळं, मला ठरवता येत नाही.

आणखी एक. काल नळाशी थांबलो नाही. पुढे गेलो. तुझ्या पावणेदोन फेऱ्या राहिल्या होत्या, तेवढ्या मोजून पळालो. आजी बाकावर बसून बघत होत्या, त्यांनी काठी दोनदा आपटली. मी रडलो, हे कोणाला सांगू नकोस. त्या फेऱ्या तुझ्या धरायच्या की माझ्या? मला उगाच वाटत होतं की मी तुझं काहीतरी पुरं करतोय, आणि त्याच वेळी वाटत होतं की तुझं काहीतरी लुबाडतोय.

बाबा


९ ऑक्टोबर

खारूताई,

हे पत्र टाकून देऊ नकोस. बाकीची टाकलीस तरी चालतील.

काल दुपारी बुटातली गादी बदलायला काढली. डाव्या बुटात पट्टी नव्हती. म्हटलं, पडली की काय. उजवीकडे हात घातला तर तिथे होती. आईने वाळवून परत घालताना दुसऱ्याच बुटात घातली होती. म्हणजे मी इतके दिवस उलट्या पट्टीवर पळत होतो, गुडघा बरा झाला म्हणून गावभर आभार मानत होतो, आणि काखेत कळसा.

मी दुकानाची पाटी फिरवली. भर दुपारी, दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली असताना. त्यांना म्हटलं, उद्या या.

तरी माझा विश्वास बसेना. आज सकाळी पट्टी मुद्दाम डाव्या बुटात घालून मैदानावर गेलो. दुसऱ्या फेरीला सुरी फिरली. तिथेच बसून ती उजव्यात घातली आणि हळूहळू सुटलो. चौथ्या फेरीला सुरी गेली होती. राखणदार म्हणाला, “काका, बुटात खडा गेला का?”

घरी येऊन जमिनीवर उताणा पडलो, पाय सरळ केले आणि आईला म्हटलं, माझ्या टाचा बघ, सारख्या आहेत का.

“उजवी वर आहे.”

“नीट बघ.”

“तीस वर्षं नीटच बघतेय. उजवा आखूड आहे तुमचा. अर्ध्या नखाएवढा.”

उजवा. टाच झिजते डावी आणि आखूड पाय उजवा. मी लांब पायाला आणखी उंच करत होतो. आजोबा चुकले होते. की आजोबा बरोबर होते, पण आपल्या घरातले पाय वेगळे? मला कळत नाही, खारूताई, खरंच कळत नाही. आयुष्यभर अशा पट्ट्या केल्या. कंडक्टरना केल्या, बँकेतल्या बाईंना केल्या, मास्तरांना केली. त्यातला एकही माणूस लंगडत परत आला नाही. मग मी दिवसभर एकेक गिऱ्हाईक आठवत बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. त्यातले पुष्कळ जण दारापर्यंत चालून परत यायचे आणि म्हणायचे, “अहो, जरा दुसऱ्या पायात घालून बघू का?” मी तोंड वाकडं करायचो, पण बदलून द्यायचो. ते खूश होऊन जायचे आणि मी समजायचो, माणसं लहरी असतात. माझी चूक रोज दारापर्यंत चालत जात होती आणि सुधारून परत येत होती. मला पत्ताही नव्हता.

घालून न बघता आपल्या दुकानातून एकच जोड बाहेर गेला. शर्यतीच्या चार दिवस आधी मी तुझ्या बुटात पट्टी घालून बूट तुझ्या हातात दिले. हे मी कोणत्याच पत्रात लिहिलं नाही, आणि विसरलो होतो असंही म्हणणार नाही. मी तिकडे बघतच नव्हतो. तू म्हणालीस, “बाबा, थांबा ना, जरा चालून बघते.” मी म्हणालो, “तू काय गिऱ्हाईक आहेस?” दुसऱ्या दिवशी म्हणालीस, “दुखतंय. उजव्यात घालून बघू का एकदा?” मी म्हणालो, “आता बापाला धंदा शिकव.” जे मी वाटेवरच्या माणसाला देत होतो ते तुला दिलं नाही. तू घरची होतीस म्हणून.

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळायला चार वर्षं लागली.

माझं चुकलं. तुझा गुडघा खरा होता. तू घाबरली नव्हतीस, तू नाटक केलं नाहीस, मी तुला मोडून ठेवलं आणि वर तुझ्यावरच ओरडलो. त्यानंतर तू पळणं सोडलं असशील तर तेही माझ्यामुळेच. मी रोज पहाटे जे सुख घेतोय ते मी तुझ्याकडून काढून घेतलेलं आहे, असं आता नळापाशी वाटतं. आणि तरी पाय थांबत नाहीत, सकाळी शिवशिवतातच. बेशरम आहेत.

एक आईला विचारलं. पट्टी दुसऱ्या बुटात चुकून घातलीस की मुद्दाम? ती म्हणाली, “मला काय कळतंय तुमच्या पट्ट्यांतलं.” आणि तोंड फिरवून दिव्याची काच पुसायला लागली. काच स्वच्छ होती.

बाबा


१२ नोव्हेंबर

खारूताई,

पोस्टमन आज दुकानावरून पुढे गेला नाही. आत आला, खोकं ठेवलं, सही घेतली. अक्षर तुझं. मी हातातलं काम संपवलं, चहा मागवला, प्यायलो, गल्ल्याची काच पुसली, आणि मग काही करायचं उरलं नाही म्हणून खोकं उघडलं.

तुझे बूट. पळायचे. सोबत चिठ्ठी: ‘तळ बदलून हवेत. घाई नाही.’ खाली तुझं पूर्ण नाव, आडनावासकट, एखादं नवं गिऱ्हाईक लिहील तसं.

चिठ्ठी मी उलटी करून बघितली. मागे काही नाही. खोक्याच्या तळाशी बघितलं. आईला दाखवली. तिने एकदा वाचली आणि म्हणाली, “तळ बदलून हवेत म्हणते. बदला.” हे उत्तर आहे की नुसतं काम आहे? राग आहे की राग गेला? मी दुपारभर त्या पाच शब्दांशी झटापट केली. ‘घाई नाही’ म्हणणारी गिऱ्हाइकं मला माहीत आहेत. त्यांच्या जोडांनी माझी वरची फळी भरलेली आहे, काही तर तुझ्या जन्माआधीचे आहेत. ‘घाई नाही’ म्हणणारा माणूस परत येत नाही. पण मग तुझ्या गावात काय बूट शिवणारे मेले आहेत, की तू एवढ्या लांब माझ्याकडे पाठवावेस?

मग आत हात घातला. माणसाचा हात आपोआप जातो. डाव्यात काही नव्हतं. उजव्यात गादीखाली पट्टी होती.

दोन थर बूच, वर एक थर चामडं, पुढची कड तासून उतरती. माझ्या हातचं काम मी डोळे मिटून ओळखतो. चामडं काळं पडलंय, तुझ्या टाचेची वाटी त्यात उमटलीय. तीच. शर्यतीच्या आधी दिली होती ती. तू ती काढून टाकली नाहीस, दुसऱ्या पायात घातलीस. आणि या बुटांचा तळ एवढा गुळगुळीत झालाय की हा काही तुझा पहिला जोड नसणार. एक जोड झिजला की पट्टी काढून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. तू पळणं सोडलं नाहीस. चार वर्षं माझ्या पट्टीवर पळतेस!

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. कळलं होतं तर सांगितलं का नाहीस? मग आठवलं, सांगितलं होतंस. दोनदा. मग आनंद झाला, मग लाज वाटली, आणि मग दोन्ही एकदमच आलं आणि मी त्या दोन बुटांना मांडीवर घेऊन बसलो. तेवढ्यात मास्तर कधी नव्हे ते पुढच्या जिन्यावरून उतरले, माझं तोंड बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आभार मानायचे राहिले, उद्या मानीन.

गुडघा बरा झाल्यापासून मी ज्याच्या त्याच्या दारात आभार घेऊन हिंडत होतो. ते तुझे होते हे आता कळतंय, किंवा कळल्यासारखं वाटतंय. तू आईला सांगितलंस, आईने पट्टी बदलली, असंच ना? आई अजून कबूल होत नाही. पण गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा तिने दार लोटलं नाही. मी पेपर खाली ठेवला आणि ऐकत राहिलो. तुझा आवाज जरा भरलाय. की लांबून तसा वाटतो?

आता कामाचं. नवे तळ मी आजच कापले. मनात आणलं तर जुन्या तळावरून तू पाय कसा टाकतेस, कुठे जोर देतेस, सगळं सांगू शकेन. तोंडावर आलंही होतं. पण मी जुने तळ उलटे करून बाकाखाली ठेवून दिलेत. तळ काय म्हणतो ते मी पुष्कळ ऐकलं.

पट्टी काढून वेगळी ठेवली आहे, कोणत्याच बुटात घातलेली नाही. बूट पोस्टाने पाठवता येणार नाहीत, रागावू नकोस. दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे आणि एकदा मोडला तेवढा पुरे झाला. घाई नाही म्हणालीस, तर मलाही नाही. हा जोड वरच्या फळीवर जाणार नाही, इथे माझ्या समोर राहील. तू ये. बाकावर बस. पट्टी आधी एका पायात घाल, मग दुसऱ्यात, मग काढून टाक, हवं तितक्या वेळा. दारापर्यंत चालत जा, परत ये, आणि कुठे दुखतं ते मला सांग. तू गिऱ्हाईक आहेस.

बाबा